भावजयीचं तिकीट

५ मार्च

धाकटीस,

परवा तू फोन आपटलास. त्यानंतर वहिनीने मला फोन करून हुकूम सोडला, की यापुढे तुम्ही बहीणभाऊ फोनवर बोलणार नाही, घरात आरडाओरडा नको, काय असेल ते लिहा. आपल्याला जन्म देणाऱ्या बाईचा शब्द मोडायची मला सवय नाही. तुला असेल. म्हणून हे लिहितो आहे, माया उतू चालली आहे असं समजू नकोस.

विषय एकच. मावशीचं ऑपरेशन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं आहे. तिचं स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल, पण आवाज जाईल, तो कायमचा. वहिनीला त्याआधी बहिणीसमोर बसून तिचं बोलणं ऐकायचं आहे. फोनवर वहिनीला निम्मं ऐकू येत नाही, हे तू मला सांगायची गरज नाही. तर तिला मावशीकडे कुणीतरी नेलं पाहिजे, आणि तो कुणीतरी मी आहे.

कारण सांगतो, शांतपणे वाच. लिफ्टच्या तपासण्यांसाठी माझा निम्मा महिना विमानात जातो. विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड मी वर्षानुवर्षं वापरतो. त्यावर दर वर्षी एक सोबती व्हाउचर मिळतं. एक तिकीट मी काढायचं, शेजारची सीट माझ्या सोबत्याला बिनपैशाची. सोबती जवळच्या नात्यातला हवा आणि जाता-येता माझ्याच विमानात हवा, एवढ्याच अटी. दुसऱ्या बाजूला तुझं कार्ड, जे तू माझं बघून घेतलंस. त्यावर मिळतं ते अपग्रेड व्हाउचर. म्हणजे साधं तिकीट नुसतं धरून ठेवायचं, पुढच्या रुंद सीटसाठी अर्ज करायचा आणि विमान भरेपर्यंत वाट बघायची. जागा उरली तर तुमची. उरली तर! मी दोन्ही कार्डांच्या अटी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. यात तुलना करण्यासारखं काही नाही.

तिची औषधं आणि चष्म्याची जोडी तयार ठेव. एवढं तरी कर.

दादा


९ मार्च

दादा,

"शांतपणे वाच" एवढं वाचूनच माझं डोकं तडकलं, पुढचं सगळं मी तडकलेल्या डोक्याने वाचलं आहे.

मी दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते. माणूस बोलायला लागला की मला आधी त्याचे दात दिसतात. तुझ्या पत्रात तर दातांशिवाय दुसरं काही नव्हतंच. आईला बहिणीकडे न्यायचं म्हणतोस आणि पान भरून लिहितोस काय, तर बिनपैशाची सीट. वहिनी म्हणजे साबणाच्या वडीबरोबर मिळणारी प्लास्टिकची वाटी आहे का, एकावर एक फुकट?

तिच्या डाव्या गुडघ्यात धातूचा सांधा आहे. ऑपरेशनला तू आला नव्हतास, म्हणून आठवण करून देते. तिला पाय दुमडून दहा मिनिटं बसवत नाही. तुझ्या त्या शेजारच्या सीटवर ती पाय कुठे ठेवणार? तुझ्या डोक्यावर ठेवला तर माझी हरकत नाही. पुढच्या सीटवर पाय लांब करता येतो, उठायला हाताला आधार असतो, स्वच्छतागृह जवळ असतं. याला व्हाउचर म्हणतात. तुझं आहे ते कूपन.

आणि "जाता-येता" हा शब्द मला वाचता येतो. मावशीकडून निघताना तुला एकदम मायेचा उमाळा येईल, "चार दिवस आमच्याकडे" म्हणून तू तिला तुझ्या सतराव्या मजल्यावर नेशील आणि मग परतीच्या तारखा पुढे पुढे जात राहतील. तिथे तिच्याशी बोलणार कोण? तुझी बायको? लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मी तिला नवी वहिनी म्हणते, कारण वहिनी हे नाव आपल्या आईने आधीच अडवलेलं होतं. काका लोक आईला वहिनी म्हणायचे, आपणही म्हणायला लागलो, आणि कुणी दुरुस्त केलं नाही. ती बिचारी अजून नवीच आहे, आणि तुझ्या घरात वागतेही पाहुण्यासारखी, कारण तू तरी घरात कधी असतोस?

बाबांचं घड्याळ तू "दुरुस्तीला" म्हणून नेलंस. अजून दुरुस्त होतंय. आई मी दुरुस्तीला देत नसते.

वहिनीला मी नेणार आहे.

धाकटी


१४ मार्च

धाकटे,

घड्याळ माझ्या मनगटावर आहे आणि वेळ बरोबर दाखवतं. तुझं काय ते बघ.

तू लिहितेस गुडघा, मला दिसतं भाजी चिरणं. वहिनीला तू सोडायला तयार नाहीस, कारण तुझ्या घरातली भाजी ती चिरते, तुझ्या मुलीला शाळेच्या बसपर्यंत ती सोडते, मीटर बघायला आलेल्या माणसाला दार ती उघडते. तू संध्याकाळी घरी येतेस तेव्हा दिवा लागलेला असतो, तो ती लावते. आठवडाभर ती नसली की तुझं घोडं कुठे अडतं ते तुला पक्कं माहीत आहे, आणि म्हणून तुला एकदम धातूचे सांधे आठवतात.

तिला रुंदी नको आहे, सोबत हवी आहे. ती विमानात पहिल्यांदा बसणार. पट्टा कसा लावायचा, कानात दडे बसले की काय करायचं, हे शेजारी बसून कुणी सांगणार? तू पुढची सीट तिला देणार आणि स्वतः मागे बसणार, हे तुझ्या लक्षात तरी आलंय का? तुझ्या व्हाउचरवर पुढे एकच माणूस जातो. मी अटी वाचल्या आहेत. तू जाहिरातीतले फोटो बघितलेत.

असो. वाद मिटला आहे. काल एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उभा होतो, वर डब्याची दुरुस्ती चालली होती, तिथूनच कार्डाच्या हेल्पलाइनला फोन लावून वहिनीला सोबती म्हणून नोंदवलं. बाई अदबीने बोलत होत्या. नातं विचारलं, सांगितलं, लिहून घेतलं, पाच मिनिटांचं काम. आता बँकेकडून तुमच्या घरच्या फोनवर खात्रीसाठी फोन येईल. वहिनीने नुसतं "हो, मी जाणार आहे" म्हणायचं आहे. तेवढं तिला जमेल. तू मध्ये नाक खुपसू नकोस म्हणजे झालं.

दादा


२५ मार्च

दादा,

मला उत्तर द्यायला उशीर झाला कारण मी कामात होते. काय काम, तर कपडे धुण्याचं नवीन यंत्र घेतलं. कार्डावर ठरावीक खर्च झाल्याशिवाय व्हाउचर सुटत नाही, म्हणून जुनं चालू असताना नवीन आणलं. जुनं गच्चीच्या जिन्यात ठेवलंय, येता-जाता पाय आपटतो आणि प्रत्येक वेळी तुझी आठवण येते. पण व्हाउचर सुटलं आहे. दोन तिकिटं धरून ठेवली आहेत, पुढच्या सीटचा अर्ज केला आहे. आम्ही प्रतीक्षायादीत आहोत, आणि यादी पुढे सरकते आहे.

मी मागे बसणार आणि ती पुढे, हे माझ्या लक्षात आलं होतं. दर पंधरा मिनिटांनी उठून पुढे जाऊन तिला बघून येईन. पडदा ओढलेला असला तरी जाईन. तू शेजारी बसून काय करतोस ते मला माहीत आहे. विमान सुटायच्या आत तुझं तोंड उघडं पडतं आणि उतरेपर्यंत तू घोरतोस. ही तुझी सोबत.

भाजीचं म्हणशील तर हो, चिरते. बारीक चिरते आणि मला शिव्या देत चिरते. आम्ही दोघी एका घरात राहतो, एकमेकींचं करतो. याला राहणं म्हणतात. तुला ते माहीत नसणार, तू हॉटेलात राहतोस.

बँकेच्या फोनचं मला विचारू नकोस. घरचा फोन वहिनी उचलते.

धाकटी


२ एप्रिल

धाकटे,

आता हे नीट वाच, आणि या वेळी शांतपणे वाचू नकोस.

आज व्हाउचर वापरायला गेलो. नाकारलं. कारण लिहिलं होतं, सोबती पात्र नात्यात बसत नाही. मी हेल्पलाइनला फोन केला. म्हटलं, बाई, तुमच्या नियमात आईवडील, नवरा-बायको आणि मुलं बसतात, मग माझी आई कुठे बसत नाही? त्या म्हणाल्या, "सर, आमच्याकडे भावजय अशी नोंद आहे. तुम्हीच सांगितलं होतं, वहिनी म्हणून." मी खड्ड्यात उभा होतो, वर हातोडा चालला होता, त्यांनी विचारलं सोबत कोण, मी सांगितलं वहिनी. त्यांनी नातं लिहिलं. आता मी त्यांना काय समजावणार, की आमच्या घरात वहिनी म्हणजे आई, आणि खरी वहिनी, म्हणजे माझी बायको, ती नवी वहिनी? समजावलं. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इथपर्यंत चूक माझी. पुढे त्या काय म्हणाल्या ऐक. "सर, आम्ही खात्रीसाठी फोनही केला होता. तिकडून सांगितलं, इथे कुणाची भावजय राहत नाही, चुकीचा नंबर."

मी लगेच वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, अरे हो, आला होता एक फोन, कुणी बाई भावजय हवी म्हणत होती. मला काही कळेना. धाकटी समोरच बसली होती, तिने हाताने खूण केली, ठेवून दे. मी ठेवून दिला.

समोरच बसली होती. माझं पत्र तुझ्याकडे आधीच पोहोचलं होतं. फोन कुणाचा आणि कशासाठी, हे त्या घरात फक्त तुला माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता, "अगं, तो तुझ्यासाठीच आहे." तू मूग गिळून बसलीस आणि वर मला लिहितेस, घरचा फोन वहिनी उचलते. इतकी वर्षं मला वाटायचं तू तोंडाची फटकळ आहेस पण मनाची सरळ आहेस. तो समज मी आज मागे घेतो.

दादा


६ एप्रिल

दादा,

हो. मी खूण केली.

तू मला रंगेहाथ पकडलंस, तर घे, लिहून देते. वहिनीने फोन कानाला लावला, "भावजय?" असं दोनदा म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मला क्षणात कळलं काय झालं असेल ते. हसू आवरेना. आणि मग हसता हसता वाटलं, होऊ दे. बँकेलाच नको आहे तर होऊ दे. हाताने खूण केली तेव्हा मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. रात्री वाटलं, पण ते तुझ्यासाठी नाही.

तुला एवढी मिरची झोंबली आहे तर एक विचारते. जगात कुठल्याही परक्या माणसाने विचारलं की ही तुमची कोण, तर माणूस काय सांगतो? घरात आपण काहीही म्हणू. मीही वहिनीच म्हणते. पण दवाखान्यात, शाळेत, बँकेत मी सांगते, ही माझी आई. इतक्या वर्षांत तुला ते कुठे सांगायची वेळच आली नाही, म्हणून तुझ्या तोंडातून ते निघालं नाही. तिला कुठे न्यायला, कुठे नाव लिहायला तू होतास कधी? हातोडा वाजत होता म्हणे.

आणि खरं कारण हवं असेल तर तेही घे. मला भीती वाटली. ती तुझ्याबरोबर गेली तर परत येणार नाही अशी नव्हे. ती तुझ्याबरोबर गेली आणि तिला तिथे आवडलं तर, अशी. ती मला रोज घालूनपाडून बोलते आणि तुझं नाव निघालं की तिचा आवाज मऊ होतो. लांब राहणाऱ्याला हा फायदा असतो. तुझा मला राग येतो तो याचा, व्हाउचरचा नाही.

आता हे वाचून विरघळू नकोस. मी विरघळलेली नाही. वहिनी माझ्याबरोबरच जाणार.

धाकटी


१० एप्रिल

धाकटे,

विरघळायला मी काही साखर नाही.

नात्याची दुरुस्ती करायला दिली आहे. माझा जन्मदाखला पाठवला. त्यावर आईचं नाव आहे, ते त्यांना पुरावा म्हणून चालतं. बँकेच्या कामाचे काही दिवस जातील, पण महिनाअखेरच्या आत होईल. या वेळी खात्रीचा फोन माझ्यासमोर येईल अशी व्यवस्था केली आहे.

तुझ्या पुढच्या सीटचं काय झालं? मिळाली असती तर तू पत्रात ढोल वाजवला असतास. ज्या अर्थी वाजला नाही, त्या अर्थी यादी जिथल्या तिथे आहे. मग धरून ठेवलेलं साधं तिकीट पक्कं करून मोकळी का होत नाहीस?

दादा


११ एप्रिल

दादा,

तू तुझं साधं तिकीट काढून मोकळा का होत नाहीस?

धाकटी


१५ एप्रिल, संध्याकाळ

दादा,

वहिनीला माझ्या घरातून माझ्या पाठीमागे नेलंस. शाबास.

मी कामावरून आले तर दार बाहेरून लावलेलं, किल्ली शेजारच्यांकडे. फ्रिजवर चिठ्ठी. "जाते आहे. औषधं घेतली आहेत. शोधत बसू नका." तिची निळी बॅग नाही, चालायची काठी नाही. मुलगी म्हणते, आजीने सकाळी तिला बसमध्ये बसवलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ हात हलवला. फोन बंद येतो आहे.

ही चिठ्ठी तूच सांगून लिहून घेतलीस. "शोधत बसू नका" हे तिचं बोलणंच नाही. व्हाउचर मिळालं की लगेच आलास, दारात गाडी उभी केलीस आणि माझ्या येण्याआधी निघालात. मला सांगायची हिंमत झाली नाही. कुठे आहे ती? सतराव्या मजल्यावर? तिला फोन दे.

धाकटी


१५ एप्रिल, रात्र

तुझं डोकं फिरलं आहे का? ती माझ्याकडे नाही. मी कामावर आहे, लांब. व्हाउचर अजून अडकलेलं आहे. आज दुपारीच बँकेने अजून एक कागद मागितला.

हे तुझंच नाटक आहे. पुढची सीट मिळाली, तिला घेऊन गेलीस आणि आता मला घोळात घेतेस. एकदा फोनवर खूण केली तशी ही दुसरी खूण. मावशीच्या घरी फोन लावतो आहे, कुणी उचलत नाही. दोघी मिळून माझी गंमत बघत असाल तर ती पुरे झाली. ती कुठे आहे ते आत्ताच्या आत्ता लिही.

दादा


१२ मे

दोघांना,

पोहोचल्याची एक ओळ मी निघाले त्याच रात्री दोघांना पाठवली होती. त्यावर तुम्ही दोघांनी मला जी काही पत्रं पाठवलीत ती मी उघडली नाहीत. तुमचं पत्र उघडायला मला आता भीती वाटत नाही, कंटाळा येतो. हे एका बोटाने टाइप करते आहे, चुका असतील.

धाकटे, तू दादाला पत्रं माझ्या टॅबवर लिहितेस. खिडकी बंद केली म्हणजे लिहिलेलं पुसलं जात नाही, हे मला तुझ्या मुलीने शिकवलं, तुला शिकवलं नाही वाटतं. पहिल्यापासूनचं सगळं मी मागाहून वाचलं आहे. आधी हसले. भावजय कोण ते समजल्यावर तर खूप हसले, एकटीच, स्वयंपाकघरात. नंतर हसू येईना.

मावशीचा फोन आला तो एप्रिलच्या चौदा तारखेला. तिची गाठ वाढत होती म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे आणलं, सतराला. तिचा आवाज इतका बसला होता की मला तीनदा विचारावं लागलं. शेवटी ती ओरडली, "बहिरे, सतराला!" तेव्हा कळलं.

तुम्हाला सांगितलं नाही म्हणून दोघंही मला बोल लावणार, तर ऐका. संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, धाकटे. तू फोनमध्ये प्रतीक्षायादी बघत होतीस. तू बोट वर केलंस, थांब म्हणून. मी थांबले. तुझं जेवण झालं, तू तशीच उठलीस. मग आत जाऊन दादाला फोन लावला. हॅलो म्हणायच्या आत तो म्हणाला, "वहिनी, जन्मदाखला पाठवलाय, तू निश्चिंत राहा, आता मीटिंग आहे." मी निश्चिंत राहिले नाही. दोन मुलं वाढवली आणि एकालाही माझं एक वाक्य ऐकायला वेळ नव्हता, आणि दोघंही भांडत होती ती माझ्यासाठी. त्या रात्री मला तुमचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता. अजून गेलेला नाही.

सकाळी नातीला बसमध्ये बसवलं आणि बसथांब्यापलीकडच्या प्रवासाच्या दुकानात गेले. तिथल्या बाईने पुढची सीट की मागची, कुठलं कार्ड, काही विचारलं नाही. विचारलं कधी जायचंय, म्हटलं आज. पेन्शनच्या पैशांतून तिकीट काढलं. मधली सीट मिळाली. एका बाजूला एक बाई, एका बाजूला एक पोरगा, दोघांनीही पट्टा लावून दिला आणि दोघंही झोपले. गुडघा दुखला. खूप दुखला, धाकटे, त्यात तू बरोबर होतीस. कानात दडे बसले, त्यात दादा बरोबर होता. उतरल्यावर दोन्ही बंद झालं.

मावशी दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, आता आवाज जपून काही उपयोग नाही, हवं तेवढं बोलू द्या तिला. दोन दिवस होते आमच्याकडे. मला वाटलं होतं काय काय बोलू. लहानपणीचं, आईचं, ती लग्नानंतर एवढ्या लांब गेली त्याचं. आणि आम्ही काय बोललो, तर भांडलो. आमच्यात एक निळा स्वेटर होता, दोघींत मिळून एक. तो शाळेच्या सहलीत हरवला. तिने हरवला. ती म्हणते मी हरवला. खुर्चीवरची मी आणि पलंगावरची ती, दोन दिवस त्या स्वेटरवरून भांडलो. तिचा आवाज कापड फाटल्यासारखा येत होता आणि तरी ती सोडत नव्हती. नर्स येऊन दोघींना रागावली. शिवण शिकवताना क्लासात पोरींवर ओरडून ओरडून तिला सवय लागलेली, तिने नर्सलाही गप्प केलं. मी पोट धरून हसले आणि मग रडले, तेव्हा ती म्हणाली, रडू नकोस, त्याने स्वेटर सापडणार नाही.

सतराला सकाळी तिला ढकलगाडीवरून नेलं. मी बरोबर चालत होते. दाराशी मला थांबवलं. ती गाडी ढकलणाऱ्या माणसाला म्हणाली, "हिला बसायला द्या कुठेतरी, हिचा गुडघा लोखंडी आहे." त्याने भिंतीजवळचं बाक दाखवलं. दार मिटलं. तिचा आवाज मी शेवटचा ऐकला तो एवढाच.

ऑपरेशन नीट झालं. ती बरी आहे. नळीतून श्वास घेते, हिंडते, खाते. मी इथे राहणार आहे. किती दिवस ते विचारू नका. तिचं दुकानदाराशी, डॉक्टरांशी, शेजारणीशी जे काही असतं ते ती मला खुणेने सांगते आणि मी त्यांना तोंडाने सांगते. बहुतेक बरोबर सांगते. धाकटे, भाजी तू चीर. दादा, संध्याकाळी धाकटीच्या घरी दिवा कोण लावतो याची काळजी तू करू नकोस, तिला लावता येतो. व्हाउचरं तुमची तुम्हाला असू देत. मुदत संपायच्या आत कुठे तरी जाऊन या, हवं तर एकत्र, हवं तर दोन टोकांना.

तिने एक पाटी आणली आहे, मुलांची असते तशी. परवा स्वेटरचा विषय पुन्हा निघाला. मीच काढला. तिने पाटी ओढली आणि रागाने लिहायला लागली. तिचं अर्धं वाक्य व्हायच्या आत मी चार वाक्यं बोलून मोकळी झाले. तिने खडू खाली ठेवला आणि पाटी पुसली. लहानपणापासून आमच्या कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द तिचाच असायचा. आता रोज माझाच असतो, आणि मला तो नको झाला आहे.

वहिनी